तीन वर्षांचे रविवार

परवा भाचा घरी आला होता. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. जेवणं झाल्यावर नेहमीप्रमाणे माझी गणिताची गाडी सुटली (घरच्यांना सवय आहे, ते हळूच उठून जातात) आणि मी त्याला कोलच्या आकड्याची गोष्ट सांगितली. त्याने ती शांतपणे ऐकून घेतली, मग खिशातून फोन काढला, काहीतरी टाइप केलं आणि फोन माझ्या नाकासमोर धरला. उत्तर आलेलं होतं.

"मामा, एक सेकंदसुद्धा लागला नाही. आणि त्या माणसाने तीन वर्षांचे रविवार घालवले? त्याला दुसरं काही काम नव्हतं का?"

मला त्या वेळी नीट उत्तर देता आलं नाही. "तुला नाही कळायचं" असं काहीतरी पुटपुटलो, आणि आपण हरलो की हेच म्हणतो. तो गेला. पण प्रश्न काही गेला नाही. म्हणून हे लिहितोय. त्याला लिंक पाठवणार आहे. वाचेल की नाही ते त्याचं तो जाणे.

तर आधी तो आकडा:

१४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७

एकवीस अंक आहेत. लहानपणी आजीने एकं, दहं, शतं, सहस्र असं घोकून घेतलं होतं ते आठवतंय का? भास्कराचार्यांच्या लीलावतीत (११५०) ही यादी परार्धापर्यंत जाते. परार्ध म्हणजे अठरावं स्थान. आपला आकडा त्याच्याही पुढचा आहे. १,४७५ परार्ध आणि वर बरंच काही. म्हणजे आपल्या पूर्वजांनी ठेवलेली नावंसुद्धा इथे पुरत नाहीत.

पण नुसता मोठा आहे म्हणून मी त्याच्याबद्दल लिहीत नाहीये. मोठा आकडा काय, कीबोर्डवर डोकं आपटलं तरी तयार होतो. हा आकडा कसा तयार होतो ते बघा. २ ला २ ने गुणत जायचं. २, ४, ८, १६... असे ६७ वेळा २ घेऊन गुणाकार केला, की त्यातून १ वजा करायचा. २ चा ६७वा घात, वजा १.

बुद्धिबळाच्या पटावरच्या धान्याची गोष्ट सगळ्यांना माहीत असते. पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, प्रत्येक घरात आधीच्या दुप्पट. पटाला ६४ च्या ऐवजी ६७ घरं असती तर सगळ्या दाण्यांची बेरीज बरोब्बर हा आकडा झाली असती. संगणकाच्या द्विमान पद्धतीत लिहिला तर हा आकडा म्हणजे ओळीने ६७ एकक: १११११... एकही शून्य नाही. इतकी साधी, सरळ, गुळगुळीत संख्या. तिला बाहेरून कुठे फट दिसत नाही.

आणि खरा प्रश्न हाच होता. हिला फट आहे का? म्हणजे ही मूळ संख्या आहे, की दोन लहान संख्यांचा गुणाकार?

१६४४ साली पॅरिसमधल्या मारँ मेर्सेन नावाच्या धर्मगुरूने एक यादी छापली. २ चा कुठलासा घात घेऊन १ वजा केला की मूळ संख्या कधी मिळते, याची. त्याने घातांक दिले ते असे: २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७ आणि २५७. बाकी २५७ पर्यंत एकही नाही, असं त्याचं म्हणणं. यादीत ६७ आहे, म्हणजे मेर्सेनच्या मते आपला आकडा मूळ. आज आपल्याला माहीत आहे की यादीत दोन घुसखोर आहेत (६७ आणि २५७) आणि तीन राहून गेलेत (६१, ८९, १०७). पण त्या काळी एवढ्या मोठ्या आकड्यांची तपासणी करणार कोण? मोठ्या माणसाने सांगितलं, छापून आलं, झालं. दोनशेहून अधिक वर्षं ती यादी तशीच चालली.

१८७६ साली एदुआर ल्युका या फ्रेंच गणितज्ञाने ६७ च्या बाबतीत मेर्सेनला खोटं ठरवलं. (हाच तो ल्युका, ज्याने पुढे 'हनोईचा मनोरा' हे चकत्यांचं कोडं काढलं. त्या कोड्यात ६७ चकत्या घेतल्या तर कमीत कमी किती चाली लागतात माहितेय? बरोबर. हाच आकडा.) ल्युकाने सांगितलं, ही संख्या मूळ नाही, हिचे अवयव पडतात. "कुठले?" असं विचारलं तर उत्तर: माहीत नाही.

इथे भाच्याने भुवया उंचावल्या होत्या. अवयव माहीत नसताना अवयव आहेत हे कसं कळलं? ही गंमत लहान आकड्यांवर करून बघता येते. कागद-पेन्सिल घ्या. ल्युकाच्या पद्धतीचं सोपं रूप पुढे १९३० साली डेरिक लेमरने दिलं, ते असं. ४ पासून सुरुवात करायची. वर्ग करायचा, त्यातून २ वजा करायचे, आणि आपल्या संख्येने भागून उरलेली बाकी घ्यायची. मग त्या बाकीचा वर्ग, वजा २, पुन्हा बाकी. घातांकापेक्षा दोन कमी इतक्या वेळा हे करायचं. शेवटी शून्य आलं तर संख्या मूळ, दुसरं काहीही आलं तर संयुक्त. (घातांक २ सोडून दुसरी कुठलीही मूळ संख्या हवा.)

३१ घ्या. ३१ म्हणजे २ चा ५वा घात वजा १. म्हणून तीन वेळा करायचं. १४, मग ८, मग ०. आलं शून्य. ३१ मूळ.

आता २,०४७ घ्या. २ चा ११वा घात वजा १. नऊ वेळा करायचं. १४, १९४, ७८८, ७०१, ११९, १८७७, २४०, २८२ आणि शेवटी १७३६. शून्य नाही. म्हणजे २,०४७ मूळ नाही. खरंच नाही, २३ गुणिले ८९ म्हणजे २,०४७. पण त्या १७३६ कडे टक लावून बघा. त्यात तुम्हाला २३ दिसतो? ८९ दिसतो? त्यांचा मागमूससुद्धा नाही. परीक्षा सांगते, "आत काहीतरी आहे." काय आहे ते सांगत नाही.

६७ साठी हेच पासष्ट वेळा करायचं, आणि प्रत्येक वेळी एकवीस अंकी आकड्यांशी झुंजायचं. एवढं करून हाती काय, तर "मेर्सेन चुकला." कुठे चुकला, ते नाही.

आता मी थोडा वेळ गणित बाजूला ठेवून आमच्या घरी जातो. कारण "चूक आहे, पण कुठे आहे ते माहीत नाही" हे वाक्य मी ल्युकाच्या किती तरी आधी अण्णांच्या तोंडून ऐकलं होतं.

अण्णा बँकेत होते. तालुक्याच्या गावची शाखा, संगणक यायच्या आधीचा काळ. बचत खात्यांची जाडजूड लेजरं असत. प्रत्येक खातेदाराचं एक पान, शेवटी शिल्लक. ठरावीक काळाने सगळ्या पानांवरच्या शिलका लांब कागदावर उतरवून त्यांची बेरीज करायची आणि ती जनरल लेजरमधल्या एकूण आकड्याशी जुळवायची. जुळली तर जुळली. नाही जुळली तर "फरक आला." हा शब्द आमच्या घरात कोणीतरी आजारी पडल्यासारखा उच्चारला जायचा.

मी पाचवीत असताना असाच एक फरक आला. ६३ रुपये.

आठवडाभर काउंटर, गर्दी, रोजची कामं. म्हणून फरक शोधायला रविवार. पहिल्या रविवारी अण्णा डबा घेऊन शाखेत गेले. दुसऱ्या रविवारी गेले. मला नदीवर पोहायला शिकवायचं ठरलं होतं, ते राहिलं. तिसऱ्या रविवारी गेले. त्या उन्हाळ्यातले सात रविवार त्या त्रेसष्ट रुपयांनी खाल्ले. चौथ्या का पाचव्या रविवारी मी रडून गोंधळ घातला, तेव्हा अण्णांनी मला जवळ बसवून एक युक्ती सांगितली. म्हणाले, "६३ ला ९ ने भाग जातो की नाही? म्हणजे बहुतेक कुठेतरी दोन अंक उलटे पडलेत."

मी बघत राहिलो. त्यांनी वर्तमानपत्राच्या कडेला लिहून दाखवलं. ८१ च्या जागी १८ लिहिले तर फरक ६३. ९२ च्या जागी २९ लिहिले तरी ६३. शेजारचे दोन अंक उलटले की फरक नेहमी ९ च्या पटीत येतो, आणि ९ ने भागल्यावर जे उरतं तो त्या दोन अंकांमधला फरक. ६३ भागिले ९ म्हणजे ७. "म्हणून मी सगळी पानं बघत नाही रे. ज्या आकड्याच्या शेवटी सातचा फरक असलेले दोन अंक आहेत, तेवढीच बघतो."

मी विचारलं, "तुम्ही ६३ रुपये खिशातून भरून का टाकत नाही?"

अण्णा म्हणाले, "भरले तर फरक मिटेल. चूक नाही मिटणार."

सातव्या रविवारी चूक सापडली. एका बाईंच्या खात्यावर १,४९२ च्या जागी पुढच्या ओळीत १,४२९ उतरले होते. संध्याकाळी अण्णा घरी आले, पाय धुतले, आणि आईला म्हणाले, "सापडलं. माझंच अक्षर होतं." मग जेवायला बसले. मला आठवतं, त्या रात्री ते आनंदात होते. मी नव्हतो. मला वाटलं, सात रविवार, आणि एवढंच?

आता कोल.

फ्रँक नेल्सन कोल हे न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात प्राध्यापक होते आणि अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीचे अनेक वर्षं सचिव. ३१ ऑक्टोबर १९०३ ला न्यूयॉर्कमध्ये सोसायटीची बैठक होती. त्यात कोल यांचा निबंध होता, विषय मोठ्या संख्यांचे अवयव. पुढची गोष्ट एरिक टेंपल बेल या गणितज्ञ-लेखकाने सांगितली आहे. (बेल गोष्ट रंगवून सांगणारे म्हणून प्रसिद्ध आहेत, तेव्हा थोडं मीठ-मसाला धरून चाला.) कोल फळ्यापाशी गेले. एक शब्द न बोलता खडूने २ चा ६७वा घात काढला आणि त्यातून १ वजा केला. मग फळ्याच्या दुसऱ्या, कोऱ्या भागाकडे जाऊन लिहिलं:

१९,३७,०७,७२१ × ७,६१,८३,८२,५७,२८७

आणि हातचे घेत घेत गुणाकार केला. दोन्हीकडचे आकडे जुळले. कोल जागेवर जाऊन बसले. अजूनही एक शब्द नाही. आणि सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. कोणी एकही प्रश्न विचारला नाही. पुढे कधीतरी बेलने विचारलं, याला किती वेळ लागला? कोल म्हणाले, तीन वर्षांचे रविवार.

मी हा गुणाकार हाताने करून बघितला. आठ ओळी (एक अंक शून्य आहे, तेवढीच सवलत). पहिल्यांदा एक हातचा विसरलो आणि उत्तर चुकलं. दुसऱ्यांदा जमलं. तपासायला पाऊण तास. शोधायला तीन वर्षं. आणि भाच्याच्या फोनला एक सेकंद.

मग भाच्याचं काय चुकलं?

पहिली गोष्ट, कोल काही एकामागून एक आकडे लावून बघत बसले नव्हते. अशा संख्येच्या अवयवांवर जुने नियम आहेत. आपल्या आकड्याच्या कुठल्याही अवयवाला १३४ ने (६७ ची दुप्पट) भागलं तर बाकी १ च उरते, आणि ८ ने भागलं तर १ किंवा ७. तपासून बघा, दोन्ही अवयव नियम पाळतात. पण नुसत्या या नियमांवर गेलं तर लहान अवयवापर्यंत पोहोचायला सात लाखांच्या वर उमेदवार उरतात. त्यांतून ३, ५, ७ ने भाग जाणारे गाळले तरी तीन लाखांवर. एका भागाकाराला दहा मिनिटं आणि रविवारी दहा तास धरले, तर शंभर वर्षांहून जास्त रविवार लागतील. कोल यांना तीन वर्षांत जमलं, कारण त्यांनी वर्गसंख्यांच्या बाक्यांवरून आणखी अटी शोधल्या. अवयव असेलच, तर अमुक लहान संख्येने भागल्यावर त्याची बाकी अमुकच असली पाहिजे. अशा अटींच्या चाळण्या एकावर एक ठेवत त्यांनी उमेदवार गाळले. अण्णा जसे फक्त सातचा फरक असलेलीच पानं उलटत होते ना, तसं. कष्ट होतेच, पण कुठे कष्ट करायचे नाहीत हे ठरवण्यात त्यातले बरेच गेले असणार.

दुसरी गोष्ट, तो एक सेकंद. फोनमधला प्रोग्रॅम भाच्याने लिहिलेला नाही, मीही नाही. त्याच्या मागे किती जणांचे किती रविवार आहेत याची मोजदाद नाही. आणि तो सेकंद एकवीस अंकांपुरताच आहे. २०२० साली २५० अंकी एका संख्येचे अवयव काढले गेले. अनेक संगणक एकत्र लावावे लागले. तेच काम प्रोसेसरच्या एका कोअरला दिलं असतं तर सुमारे २,७०० वर्षं पुरलं असतं. तपासायला? तो गुणाकार फोन डोळ्याचं पातं लवायच्या आत करतो. २ चा १२७७वा घात वजा १ ही ३८५ अंकी संख्या तर अजून ल्युकाच्याच अवस्थेत आहे. मूळ नाही हे ठाऊक आहे, अवयव एकही हाती लागलेला नाही.

हा जो तपासणं सोपं आणि शोधणं अवघड असा एकतर्फी रस्ता आहे, त्यावरच १९७७ साली रिव्हेस्ट, शमीर आणि ॲडलमन यांनी गुप्तलेखनाची पद्धत बांधली. दोन मोठ्या मूळ संख्या घ्या, गुणा, गुणाकार जगाला सांगा, अवयव स्वतःजवळ ठेवा. आज नेहमी वापरात असलेल्या किल्लीतला हा गुणाकार ६१७ अंकी असतो. गंमत बघा, अण्णांचा पगार ज्या लेजरांनी खाल्ला, ती लेजरं आता संगणकात गेली आणि त्यांच्या दारावर असली कुलपं बसली.

पण हे सांगून मला भाच्याला गप्प करायचं नाहीये. "बघ, याचा पुढे उपयोग झाला" हा युक्तिवाद मला पटत नाही. कोल यांना १९०३ साली इंटरनेट बँकिंगचं स्वप्न पडलं नव्हतं. आणि कोल यांच्या त्या दोन अवयवांचा स्वतःचा असा उपयोग आजही नाही. उपयोगाच्या तराजूत टाकलं तर भाचा जिंकतो.

माझं म्हणणं वेगळं आहे. "चूक आहे" हे कळणं आणि "चूक इथे आहे" हे दाखवणं यांच्यामध्ये एक लांबलचक रस्ता असतो. पहिलं टोक गाठणाऱ्याची हुशारी दिसते. दुसरं टोक गाठल्यावर सगळ्यांना सोपं वाटतं. मधला रस्ता मात्र कोणाला दिसत नाही. फळ्यावरचा गुणाकार पाऊण तासाचा, म्हणून आपण कामाची किंमत पाऊण तासाचीच धरतो. शाळेत उत्तराला गुण, वहीच्या मागच्या पानांवरच्या खाडाखोडीला शून्य. ऑफिसातही तेच. "हा रिपोर्ट चुकलाय" असा मेल टाकायला अर्धं मिनिट लागतं, आणि तो टाकणारा जागरूक ठरतो. मग एक जण चार दिवस बसून एका सेलमधला एक उलटा आकडा शोधतो, आणि मीटिंगमध्ये सगळे म्हणतात, "एवढंच होतं?" मीही म्हटलंय. वडलांना न बोलता म्हटलं, सहकाऱ्यांना बोलून म्हटलं.

उत्तर जितकं चांगलं, तितका त्यामागचा शोध लपून जातो. म्हणून उत्तर सोपं दिसलं की मी हल्ली जरा थांबतो. सापडण्याआधी ते कसं दिसत असेल, याचा विचार करून बघतो. एवढंच मला भाच्याला सांगायचं होतं.

आता उलट बाजूही सांगतो, नाहीतर हे सगळं फारच गोड होईल. रविवार घालवले म्हणजे काम थोर, असं नाही. तीन वर्षं शोधून काहीच न सापडलेले लोकही असतात, त्यांच्यासाठी टाळ्या नाहीत. आणि ते रविवार एकट्या माणसाचे नसतात. मी पोहायला शिकलो तो पुढे कॉलेजात, भाड्याच्या टायरवर. अण्णांशी त्या सात रविवारांबद्दल मी कधी बोललो नाही. बोलण्यासारखं काय आहे, असं वाटायचं. पण अढी होती. चाळीसेक वर्षं होती.

भाचा गेला त्या रात्री अण्णांना फोन केला. चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत, कान जरा कमी झालेत, आकडे मात्र ठणठणीत. म्हटलं, "अण्णा, एक गुणाकार सांगतो. लिहून घ्या."

"एकेक अंक सांग. घाई करू नकोस."

मी सांगत गेलो. पलीकडे पेन्सिलचा आवाज. मग पुटपुटणं. "पहिल्याची बेरीज ३७. म्हणजे १०, म्हणजे १. दुसऱ्याची ६४. १०, १. एके एक. खालच्याची..." इथे बराच वेळ गेला. "१०९. म्हणजे १०, म्हणजे १. नवाचा ताळा जमतोय."

मी म्हटलं, "बरोबर आहे म्हणजे?"

"तसं नव्हे. ताळ्यावर जाऊ नकोस. आकडे उलटे पडले तर नवाला कळत नाही." जरा थांबून, "मला विचार."

मी हसलो. तेही हसले. म्हणजे त्यांच्याही लक्षात होतं तर. मग मी त्यांना कोलची गोष्ट सांगितली. फळा, खडू, टाळ्या, सगळं. त्यांनी मध्ये एकदाही थांबवलं नाही. शेवटी विचारलं, "किती दिवस लागले म्हणालास?"

"तीन वर्षांचे रविवार."

"सगळे?"

"सगळे."

"घरचे काय म्हणत होते त्याच्या?"

मी इतक्या वेळा ही गोष्ट सांगितली आहे, पण हा प्रश्न मला आजवर कोणी विचारला नव्हता. मलाही सुचला नव्हता. मी म्हटलं, "ते काही गोष्टीत येत नाही, अण्णा."

"येत नाहीच," ते म्हणाले. आणि मग, "बरं, आई बोलावतेय. ठेवतो."

असो. पुढच्या रविवारी गावी जातोय. अण्णांनी चौकटीची वही आणायला सांगितली आहे. गुणाकार स्वतः करून बघायचाय म्हणे.